निजाम सरांचा पासंग

तळाला कोरड्यास घट्ट असतं, या वाक्यानं एखाद्या तज्ज्ञाचं तोंड बंद करता येतं हे मला निजाम सरांमुळं कळलं.

कळंबच्या आमच्या डी.एड. कॉलेजात एक पाहुणे व्याख्यानाला आले होते. अंगात कोट, कोटावर आम्हीच घातलेली शाल. विषय ‘बुद्धिमत्ता आणि समाज’. त्यांनी पडद्यावर एक आलेख टाकला. कुठल्या समाजाच्या पोरांचा सरासरी बुद्ध्यांक किती, अशा उंच आणि बुटक्या पट्ट्या. उंच पट्टी कुणाची ते सांगत नाही, पाहुण्यांचं आडनाव तीत ऐसपैस बसत होतं. बुटक्या पट्ट्यांत मेंढपाळ, मुसलमान, तांड्यावरचे, वस्तीवरचे, थोडक्यात समोर बसलेला अख्खा वर्ग. पाहुणे हळहळले. म्हणाले, सत्य कटू असतं. रक्तातच कमी असेल तर शिक्षकानं तरी किती उगाळायचं? पहिल्या रांगेतल्या मंडळींनी माना डोलावल्या. माझं डोकं तापलं होतं, पण मी जळकोटहून नुकतीच आलेली आणि माझ्या संतापाला अजून पत्रक छापायची सवय लागलेली नव्हती.

तेवढ्यात मागच्या दाराशी शेंगदाणे खात उभा असलेला एक बुटका माणूस म्हणाला, “साहेब, आमचा मोहल्ला ह्यात कुठं आला?”

पाहुण्यांनी जरा संकोचून सगळ्यात खालच्या पट्टीवर बोट ठेवलं.

“तळाला व्हय? मग बरंय. तळाला कोरड्यास घट्ट असतं.”

भाकरी कुस्करून ज्या पातळ कालवणात आम्ही खातो ते कोरड्यास. पंगतीत आधी बसणाऱ्याला वरचं पाणी मिळतं आणि शेवटी बसणाऱ्याला डाळ, हे त्या वर्गात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. हसणं थांबल्यावर त्या माणसानं, म्हणजे निजाम सरांनी, विचारलं की ही परीक्षा दिली त्या दिवशी ही पोरं काय खाऊन आली होती. पाहुणे म्हणाले, हा प्रश्न शास्त्रीय नाही. सर म्हणाले, मग उपाशीच असतील, आणि निघून गेले. आभाराचं भाषण त्यांच्याकडंच होतं. ते कुणीच केलं नाही.

त्यांचं पूर्ण नाव निजामोद्दीन. निजाम गेला आणि मास्तर ठेवून गेला, असं गावात म्हणत, आणि हा विनोद आपणच पहिल्यांदा केला असं सर सगळ्यांना सांगत. ते आम्हाला मानसशास्त्र शिकवायचे. मिशीला मेंदी लावायचे आणि ती नैसर्गिक आहे म्हणायचे. नेहरू शर्टाच्या उजव्या खिशात शेंगदाणे, डाव्या खिशात टरफलं. कॅरम खेळताना ते सर्रास लबाडी करायचे. जन्मभर खोट्या मापांविरुद्ध बोललेला माणूस कोपरानं सोंगटी सरकवतो हे पाहून मी एकदा भडकले, तर म्हणाले, “ही परीक्षा हाय का? कॅरम हाय.”

त्यांचे वडील कळंबच्या मोंढ्यात मापाडी होते, आडतीवर आलेलं धान्य तोलायचे. त्यामुळं सरांचं मानसशास्त्र पुस्तकातून कमी आणि मोंढ्यातून जास्त यायचं. बुद्धिमापनाच्या धड्यात ‘चाचणीतील पूर्वग्रह’ असा मथळा होता. तो त्यांनी सगळ्यांना खोडायला लावला. पूर्वग्रह माणसाला असतो, काट्याला पासंग असतो, म्हणाले. रिकाम्या तराजूचं एक पारडं जड असलं की तो पासंग. इमानी मापाडी हलक्या पारड्यात खडा टाकून तो मोडतो. लबाड मापाडी मोडत नाही, आणि वर जन्मभर शपथ घेतो की मी तर काट्याला हातसुद्धा लावला नाही.

मग ते ट्रंकेतून चाचणीची चित्रं काढायचे. जेवणाचं टेबल, टेबलावर काटा-चमचा, बागेत कुत्रं फिरवणारे बाबा. “हे घर कुणाचं हाय?” ते विचारायचे. “तुमचं? माझं? मग ह्या घरात आपलं पोर पाव्हणं म्हणून आलंय. पाव्हण्याला विचारायलेत, मिठाचा डबा कुठं हाय सांग. सांगता न्हाय आला, की लिहा मंद.”

हे ऐकून मला वाटलं, आपला माणूस मिळाला. दुसऱ्याच तासाला त्यांनी माझा भ्रम घालवला. मी उभी राहून म्हणाले होते की असल्या सगळ्या चाचण्या जाळून टाकल्या पाहिजेत. सरांनी तोंडातला शेंगदाणा संपवला. मग म्हणाले, काटा खोटा असला तर दुरुस्त कर, मापाड्याच्या कानाखाली लाव. पण मोंढ्यातला काटाच उचलून नेलास तर व्यापारी डोळ्यानं वजन करील. “आन् त्याचा डोळा कुणाच्या बाजूचा असतोय, घोषणा?”

तेव्हापासून माझं नाव घोषणा पडलं. पुढं मी खरोखरच शिक्षणाच्या चळवळीत शिरले, नोकरी केली नाही, पत्रकं लिहिली, मोर्चे काढले. ते नाव इतकं चिकटलं की कॉलेजातले काही जण माझं खरं नाव विसरले.

त्यांचं हे म्हणणं फुकटचं नव्हतं. त्यांना शाळेत असताना गुरुजींनी शेवटच्या बाकावर बसवलं होतं, मापाड्याचं पोर मापच करणार म्हणून. एका शिष्यवृत्तीच्या परीक्षेत नाव आलं तेव्हा गुरुजींनी कॉपी झाल्याची शंका घेतली आणि त्यांची पुन्हा परीक्षा घेतली. पुन्हाही ते पास झाले. “गुरुजीचा डोळा मला नापास करत होता, कागदानं पास केलं,” असं ते म्हणायचे, आणि हे सांगताना नेहमीचा विनोद करायचे नाहीत.

एकदा त्यांनी उलटा प्रयोग केला. स्वतःची ‘कळंबी चाचणी’ तयार केली. प्रश्न असे: बाजार आमटीत काय पडतं? हुरडा कधी निघतो? हे सोडवताना शहरातून आलेले दोन प्राध्यापक साफ आपटले आणि आम्ही टाळ्या पिटल्या. मी तर त्यावर पत्रकसुद्धा लिहून काढलं. सर मात्र चाचणी घेऊन घरी गेले आणि आपल्या बायकोवर तपासली. खैरूनचाची कलबुर्गीकडच्या, दखनी बोलणाऱ्या, घर चालवण्यात सरांना दोनदा विकून येतील अशा. त्या नापास झाल्या.

“क्या बी पूछतें!” असं म्हणून त्यांनी सरांशी बोलणं सोडलं. स्वयंपाक झाला, वाढला नाही. सर सांगायचे, आमच्या घरात समूहभेद झाला, एका समूहाला जेवण आणि एका समूहाला न्हाय. त्यांनी ती चाचणी फाडली. पासंग मोडला नाही, नुसता दुसऱ्या पारड्यात टाकला, असं म्हणाले. माझं पत्रक वाया गेलं याचं मला जास्त दुःख झालं.

पत्रकांवरून आमचं कायम वाजायचं. मी मजकूर दाखवायला नेला की ते उद्गारचिन्हं खोडत बसायचे. “एवढ्या काठ्या कशाला रोवल्यास? काठ्यानं पाखरं जात न्हाईत, उलट वर बसतात.” मी म्हणायचे, सर, लोक पेटले पाहिजेत. ते म्हणायचे, “लोक पेटतात आन् मग भाजतं कुणाला ते बघ.” आलेखवाल्या पाहुण्यांविरुद्ध मी लिहिलं होतं की समाजासमाजांत गुणांचा फरक असतो हेच मुळात धादांत खोटं आहे. ते वाक्य त्यांनी अख्खं काढलं. फरक कागदावर हाय की, म्हणाले, न्हाय म्हणून तो जाणार न्हाय. दोन ढिगांच्या वजनात फरक आहे एवढं काटा सांगतो. का आहे हे सांगत नाही, त्यासाठी दोन्ही रानं पायानं बघून यावी लागतात. आणि ढिगाची सरासरी काढून एकेका पोत्याला भाव लावणारा व्यापारी मोंढ्यात बुडतो. शिक्षणात त्याला शाल-नारळ मिळतो.

हे सगळं मी पाठ केलं होतं. समजलं मात्र सुंदराच्या वेळी.

सुंदरा कळंबपासून जीपनं जावं लागतं अशा एका वस्तीवरची. घरात मेंढरं, आई-बाप दोघंही राखणारे. शाळेत ती मागं होती. शाळेचे हेडसर चांगल्या निकालाच्या मागं, त्यामुळं शहरातून आलेल्या एका चाचणीवाल्याकडून त्यांनी तिची चाचणी करून घेतली. निकाल आला: मंदबुद्धी. शिफारस आली: दूरच्या निवासी शाळेत पाठवावी. तिची आई सखूबाई माझ्याकडं आली ती अगदी शांत होती. तिनं बुद्ध्यांक वगैरे काही विचारलं नाही. म्हणाली, “माजी पोर रोज माज्यापशी निजंल का न्हाय, तेवढं सांगा.”

मी त्याच दिवशी पत्रक काढलं. ‘मेंढपाळाच्या हुशार लेकीला वेडी ठरवणाऱ्यांना जाब विचारा’, आणि पुढं काठ्याच काठ्या. शाळा समितीची बैठक ठरली. निजाम सर तोवर निवृत्त झाले होते. मी त्यांना तोफेसारखं ओढत नेलं. ते आले, पण अट घातली: आधी मी पोरीला बघणार, मग बोलणार.

शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी सतरंजी टाकली. पहिला प्रश्न ठरलेला. “काय खाऊन आलीस गं?”

“काय न्हाय.”

भाकरी येईपर्यंत ते थांबले. हेडसर घड्याळ बघत होते. त्यांनाही शेंगदाणे दिले. मग जुनी उत्तरपत्रिका समोर घेऊन तेच प्रश्न पुन्हा विचारले. कपाचं चित्र होतं, कान तुटलेला कप. चित्रात काय कमी आहे? सुंदरा म्हणाली, “च्या.” जुन्या कागदावर या उत्तराला शून्य होतं. रस्त्यात पाकीट सापडलं तर काय करशील, याला ती गप्प बसली होती. सरांनी पाकीट बाजूला ठेवलं आणि विचारलं, दुसऱ्याचं कोकरू तुमच्या कळपात शिरलं तर?

“त्याच्या आईपशी सोडायचं. न्हाईतर ते रातभर वरडतंय.”

मग विरुद्धार्थी शब्द. कोरडा, याच्या उलट काय? सुंदरानं क्षणाचाही विचार न करता सांगितलं, “कोरड्यास.” चाचणीवाल्यानं या उत्तरावर लाल फुली मारली होती आणि शेजारी उद्गारचिन्ह काढलं होतं. सर ते उद्गारचिन्ह बघत राहिले. मग तिला विचारलं, कसं काय? ती म्हणाली, भाकर कोरडी असती, कोरड्यास घातलं की वली हुती. सरांनी मान वर करून हेडसरांना विचारलं, “तुमी काय घालता भाकरीवर?”

मी आनंदानं जवळजवळ नाचत होते. माझ्या डोक्यात पुढचं पत्रक तयार होत होतं, मथळा ‘कोरड्यास’.

मग ठोकळ्यांची पाळी आली. रंगीत ठोकळे जुळवून नक्षी करायची. सुंदराला जुळेना. सरांनी ठोकळे मोजले आणि कपाळावर हात मारला. एक कमी होता. कळंब तालुक्यातला सगळ्यात कडक परीक्षक अपुऱ्या ठोकळ्यांवर परीक्षा घेत होता. तो ठोकळा कुठं आहे हे त्यांना लगेच आठवलं: घरी शेगडीच्या टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याच्याखाली. चाचणी थांबवली आणि मला जीपनं कळंबला पिटाळलं.

चाचींनी ठोकळा द्यायला नकार दिला. मी टेबलाखाली शिरून तो ओढला, टेबल कललं आणि पातेल्यातलं कालवण सांडलं. “तुमारे सरकू बोल, लकडी के पीछे सालन गया!” हे वाक्य मी निरोप म्हणून घेऊन आले. सर म्हणाले, घरात पासंग आला म्हण की.

सगळे ठोकळे मांडले. सुंदराला नक्षी तरीही जुळली नाही. सरांनी पाणी दिलं, वेळ दिला, करून दाखवलं, पुन्हा दिलं. आकडे उलटे म्हणायचे होते, ते तिला जमले नाहीत. दोन-तीन गोष्टी तिच्याहून लहान पोरांना येतात त्या तिला आल्या नाहीत, आणि यातली एकही गोष्ट शब्दाच्या चुकीची नव्हती. मी सरांच्या तोंडाकडं बघत होते. ते माझ्याकडं बघत नव्हते.

बैठकीच्या आधी मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, सर, हुशार आहे म्हणा. एवढंच म्हणा. सर टरफलं झाडून आत गेले.

आत हेडसरांनी विचारलं, पोरगी हुशार आहे का मंद, एक काय ते सांगा. सखूबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

“पोरगी जरा मागं हाय,” सर म्हणाले. “तुमच्या कागदात हाय तेवढी मागं न्हाय, आन् ह्या घोषणाच्या पत्रकात हाय तेवढी पुढं बी न्हाय. ती हितंच शिकंल.”

हेडसर म्हणाले, मागं आहे म्हणता आणि इथंच शिकेल कसं म्हणता? “शाळा शिकवायला काढलीय का शिकलेल्यांना बसवायला?” सरांनी विचारलं. मग त्यांनी जुन्या कागदातल्या चुका एकेक करून वाचून दाखवल्या, च्या, कोकरू, कोरड्यास, सगळं. आणि शेवटी आपल्या ट्रंकेतला ठोकळा कमी होता तेही सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं तरी. समितीतला एक शेतकरी म्हणाला, सरांचा काटा खरा दिसतोय बुवा, स्वतःची चूक बी तोलतोय. सुंदराला शाळेत ठेवायचं ठरलं. सखूबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि मेंढरं सुटायची वेळ झाली म्हणून लगेच निघून गेली. आभार वगैरे काही नाही.

परतीच्या जीपमध्ये मी सरांवर धुमसत होते. तुम्ही आमची बाजू कमजोर केलीत, असं शेवटी म्हणालेच. जीपमध्ये आम्ही दाटीवाटीनं बसलो होतो, त्यांच्या मांडीवर ट्रंक होती. ते हळू आवाजात बोलले, शेजारच्याला ऐकू जाऊ नये इतक्या.

“हुशार हाय म्हणून ठेवा म्हणलो असतो, तर उद्या जी हुशार निघणार न्हाय तिला कोण ठेवील गं?”

त्यावर माझ्याकडं घोषणा नव्हती. अजूनही नाही. सुंदरा आता वरच्या वर्गात आहे. गणितात कच्ची आहे. कच्ची आहे आणि वर्गात आहे.

यंदा सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली, मिशी पांढरी झाली. मेंदी लावायला हात उचलेना, आणि चाचींनी लावून द्यायला नकार दिला; म्हणाल्या, खरा रंग बघू दे लोकाला. मी गेले तेव्हा मोहल्ल्यातल्या दवाखान्यातली नवी डॉक्टर घरी आली होती. कोकणातली पोरगी, चुणचुणीत, घाईतली. सरांच्या डाव्या हातात तोच लाकडी ठोकळा होता. राहिलेल्या हाताचा व्यायाम म्हणून चेंडू दाबायला सांगितला होता. त्यांनी ठोकळा निवडला होता. शेगडीच्या टेबलाखाली आता वीट होती.

डॉक्टर खुर्ची ओढून बसली तसं सरांनी सावकाश, एकेक शब्द जोडत विचारलं, “काय खाऊन आलीस?”

ती हसली. म्हणाली, काका, सकाळपासून वेळच मिळाला नाही. सरांनी डोळ्यांनी चाचींना खूण केली. मग ती त्यांची स्मरणशक्ती तपासू लागली. आज वार कोणता? महिना? मी तीन शब्द सांगते, ते लक्षात ठेवा: आंबा, खुर्ची, नाणं. थोड्या वेळानं विचारीन. मधे वजाबाकीचे आकडे घातले. सर पहिल्या आकड्याशी अडले. मग तिनं तीन शब्द विचारले. आंबा आला. बाकीचे आले नाहीत. सर खिडकीकडं बघत राहिले, जणू ते शब्द गल्लीतून चालत येतील.

डॉक्टर कागदावर काहीतरी लिहायला लागली आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, मॅडम, हे प्रश्न कुणावर तपासलेत? ह्या माणसाची मादरी जबान कुठली, शिक्षण कुठल्या भाषेत झालं, विचारलंत का? असल्या चाचण्यांनी माणसांना...

ठोकळा धरलेला हात वर आला.

“गप, घोषणा.” त्यांना बराच वेळ लागला. “काटा बरूबर हाय. मालच कमी भरतोय.”

डॉक्टरला ते कळलं नसावं, तिनं पेन मिटलं. मला कळलं आणि मी भिंतीकडं तोंड केलं. चाची मात्र ताट घेऊन आल्या आणि डॉक्टरच्या मांडीवर ठेवूनच मोकळ्या झाल्या. दोन भाकऱ्या, कांदा, ठेचा. डॉक्टर नको नको म्हणाली. चाचींनी ऐकायचा प्रश्नच नव्हता.

“तिला कोरड्यास वाढ,” सर म्हणाले.

“कोरड्यास म्हणजे?” डॉक्टरनं विचारलं.

सरांची अर्धी मिशी हलली, चालत होती ती बाजू.

“हिचा एक मार्क काप,” ते मला म्हणाले.

चाचींनी पळी पातेल्याच्या तळापर्यंत घातली.